साथरोग कायद्याचीं चार कलमें

पुण्यांतील १८९७ च्या प्लेगविषयीं लिहितांना आमचे पुष्कळ इतिहासलेखक रँडच्या स्वभावापाशीं थांबतात. आमच्या मतें शोधास आरंभ ४ फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्यापासून व्हावयास पाहिजे.

मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. पहिलें नांवाचें व व्याप्तीचें; दुसऱ्यानें सरकारास तपासणीचे व विलगीकरणाचे अधिकार दिले; तिसऱ्यानें आज्ञाभंगास शिक्षा ठरविली; चौथ्यानें सद्भावनेनें वागणाऱ्या अंमलदारास दाव्यापासून अभय दिलें. नुकसानभरपाईचा उल्लेख आहे, पण ‘असल्यास’ एवढ्याच शब्दानें. ज्याच्या घराची झडती झाली, ज्याचा आप्त इस्पितळांत नेला गेला, त्यानें दाद कोठें मागावी, हें एकहि कलम सांगत नाहीं.

साथींत झडती वा विलगीकरण मुळींच नको, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु उंदरांवरील पिसवांमुळें प्लेग पसरतो हें सिमाँनें दाखविलें तें १८९८ सालीं. ज्ञान अपुरें असतां चुका व्हावयाच्याच. म्हणूनच दाद मागण्याची वाट आधीं आंखून ठेवणें हें राज्यकर्त्यांचें कर्तव्य होय.

२२ जून १८९७ रोजीं रँडवर गोळी झाडली गेली. माणूस गेला, कायदा राहिला. २०२० सालीं कोविडच्या साथींत तोच पुन्हां लागू झाला. त्या वर्षींच्या दुरुस्तीनें वैद्यकीय सेवकांस संरक्षण मिळालें, हें योग्यच झालें; विलग केलेल्या रोग्याच्या गाऱ्हाण्यास मात्र तींतहि जागा मिळाली नाहीं. रँडला दोष देऊन थांबणाऱ्या इतिहासास ही उणीव दिसणें शक्य नाहीं.