मोजणीबाहेरचे मरण

‘रोगाला जात नसते’ हे वाक्य २०२०च्या टाळेबंदीत आपल्या पांढरपेशा लेखनाने मंत्रासारखे घोकले. त्याची परीक्षा घ्यायची तर इगतपुरीच्या तोंडाशी, कसारा घाटाच्या माथ्यावर उभे राहिले पाहिजे. २५ मार्चला देश बंद झाला. गाड्या थांबल्या होत्या. ज्या घाटातून गाडीने मजूर मुंबईला उतरत असे, तोच घाट तो आता बायकापोरांसह, डोक्यावर बोचके घेऊन पायी चढू लागला. नाशिक रोडहून मजुरांची पहिली खास गाडी भोपाळकडे निघाली ती १ मे रोजी. मधल्या पाच आठवड्यांतल्या रोजनिश्या वाचाव्यात. त्यांत नवे पदार्थ आहेत, पक्ष्यांची किलबिल आहे, आत्मशोध आहे. घाटातला माणूस क्वचित आहे. आणि आहे तिथेही तो कणवेचा विषय आहे, हक्काचा माणूस नव्हे.

याच काळात ‘सामाजिक अंतर राखा’ ही घोषणा घरोघर पोचली. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२०मध्येच ‘शारीरिक अंतर’ म्हणणे बरे, असे सुचवले होते. तरी आपल्याकडे पहिलाच शब्द रुळला. शब्द इतका सहज रुळतो, तेव्हा त्याची जमीन आधीच नांगरलेली असते. गावकुसाबाहेर ठेवलेल्यांना हे अंतर कोणी नव्याने शिकवायचे?

शिवाय अंतर राखायला जागा लागते. जुलै २०२०मध्ये मुंबईच्या तीन विभागांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्टीतल्या सुमारे ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे आढळले. इतर वस्तीत हे प्रमाण १६ टक्के होते. एका खोलीत सात-आठ माणसे आणि अनेक घरांना मिळून एक संडास असेल, तर दुसरे काय होणार? रोगजंतूला जात नसते, हे खरे. पण त्याच्या वाटेत कोणाला उभे करायचे, हे समाजव्यवस्था ठरवते.

हे आजचे नाही. १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मुंबई शहरात ‘खालच्या जातींचे’ हिंदू दर हजारी ६१.६ मेले, इतर हिंदू १८.९, तर युरोपियन ८.३. हे आपल्याला कळते, कारण त्या परक्या सरकारच्या तक्त्यात जातीचा रकाना होता. २०२०च्या रोजच्या सरकारी आकड्यांत वय होते, लिंग होते, जिल्हा होता, जात नव्हती. वाटेत किती स्थलांतरित मजूर मेले याची माहिती उपलब्ध नाही, असे केंद्र सरकारने सप्टेंबर २०२०मध्ये लोकसभेत सांगितले. जात न मोजल्याने विषमता मिटत नाही. तिचा पुरावा तेवढा मिटतो.

म्हणून आपल्या साहित्याने केवळ दुःखाचे वर्णन करून थांबू नये. इगतपुरी तालुक्यातल्या पाड्यापाड्यांत, वस्त्यावस्त्यांत शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी वही घेऊन जावे. २०२० आणि २०२१मध्ये कोण गेले, काय काम करत होते, दवाखाना किती कोसांवर होता, प्राणवायू मिळाला की नाही, हे घरच्यांना विचारून लिहावे. सरकारने सोडलेला रकाना आपणच भरला पाहिजे. या साथीवरचे आपले पहिले खरे साहित्य त्याच वहीत असेल.