जंतू मेले, पण कोणते?

लघवीची नळी (कॅथेटर), शिरेत घालायची नळी, जखमेवरची पट्टी अशा साधनांवर हल्ली चांदीचा, जंतुनाशकाचा किंवा प्रतिजैविकाचा मुलामा दिलेला असतो. माहितीपत्रकात 'जंतुरोधक' हा शब्द आणि शेजारी '९९.९ टक्के जंतूंचा नाश' असा दावा वाचायला मिळतो. हा दावा बहुधा खोटा नसतो. प्रयोगशाळेत तेवढे जंतू खरोखर मेलेले असतात. आमचा आक्षेप निराळा आहे. ते जंतू कोणत्या अवस्थेतले होते आणि कोणत्या परिस्थितीत मेले हे कळल्याशिवाय या आकड्यावरून रुग्णाला किती फायदा होईल ते सांगता येत नाही.

जंतुरोधक पृष्ठभाग तपासण्याची एक प्रचलित पद्धत पाहू. आयएसओ २२१९६ या मानकानुसार पदार्थाचा ५ सेंटिमीटर लांबीरुंदीचा सपाट तुकडा घेतात. त्यावर जंतू असलेल्या अतिशय विरल पोषक द्रवाचे सुमारे ०.४ मिलिलिटर टाकून वर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा ठेवतात. ३५ अंश सेल्सिअस तापमानाला दमट हवेत २४ तास ठेवल्यावर किती जंतू जिवंत राहिले ते मोजतात. साध्या प्लॅस्टिकशी तुलना करायला ही पद्धत चांगली आहे आणि ती त्यासाठीच बनवली आहे. पण येथे जंतू द्रवात सुटे असतात, त्यांना अन्न जवळजवळ नसते आणि नवे जंतू येत नाहीत. शरीरातल्या नळीवर यातले काहीच खरे नसते.

नळीवर जंतू सुटे राहत नाहीत. ते पृष्ठभागाला चिकटतात, संख्येने वाढतात आणि स्वतःभोवती शर्करा, प्रथिने व डीएनए यांचे चिकट आवरण तयार करतात. या थराला बायोफिल्म किंवा जैवपटल म्हणतात. पाण्याच्या टाकीच्या आतला बुळबुळीत थर आणि दातांवरचे कीटण ही त्याची घरगुती उदाहरणे. लेव्हेनहूक यांनी १६८४ साली नोंदवले होते, की व्हिनेगरने दात धुतल्यावर कीटणाच्या बाहेरच्या बाजूचे जीव मरतात, आतले मरत नाहीत. बायोफिल्मचा मुख्य प्रश्न त्या नोंदीतच आलेला आहे. आतल्या जंतूंपर्यंत काही औषधे उशिरा पोचतात. शिवाय अन्न व ऑक्सिजन कमी मिळाल्याने ते जंतू मंद झालेले असतात आणि वाढत्या जंतूंवर चालणारी औषधे त्यांच्यावर नीट चालत नाहीत.

हा फरक किती मोठा असतो? १९९९ साली कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात हॉवर्ड सेरी आणि सहकाऱ्यांनी ९६ खुंट्या असलेले एक झाकण वापरून प्रत्येक खुंटीवर बायोफिल्म वाढवली. काही प्रतिजैविकांच्या बाबतीत सुट्या जंतूंपेक्षा खुंटीवरच्या जंतूंना १०० ते १,००० पट तीव्र औषध लागले. जंतू तेच, औषध तेच; अवस्था मात्र बदललेली.

दुसरा मुद्दा भोवतालच्या द्रवाचा. चांदीचे आयन जंतू मारतात, पण लघवीत क्लोराइड असते. त्याच्याशी संयोग होऊन न विरघळणारे सिल्व्हर क्लोराइड बनते. प्रथिनेही चांदीला बांधून ठेवतात. प्रोटियस मिराबिलिस हा जंतू तर लघवीतील युरियापासून अमोनिया तयार करतो. त्यामुळे लघवी अल्कधर्मी होते आणि फॉस्फेटांचे खडे नळीवर जमतात. मुलामा या खड्यांखाली झाकला जातो. वेल्समधील कार्डिफ येथे डेव्हिड स्टिकलर यांनी काचेचे मूत्राशय बनवले आणि त्यात कृत्रिम लघवीची संथ धार सोडून नळ्या तपासल्या. त्यात चांदीच्या मुलाम्याच्या नळ्याही तुंबल्या. तुकड्याच्या चाचणीत हे कधीच दिसले नसते.

आता रुग्णालयाकडे वळू. २०१२ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात ब्रिटनमधील २४ रुग्णालयांतील ७,१०२ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. थोड्या दिवसांसाठी नळी लागणाऱ्या या रुग्णांना तीन प्रकारच्या नळ्यांपैकी एक यादृच्छिक पद्धतीने दिली होती. सहा आठवड्यांत लक्षणांसह मूत्रमार्गाचा संसर्ग होऊन प्रतिजैविक घ्यावे लागलेले रुग्ण साध्या नळीच्या गटात १२.६ टक्के, चांदीच्या गटात १२.५ टक्के आणि नायट्रोफ्युराल या औषधाच्या गटात १०.६ टक्के होते. चांदीचा उपयोग दिसला नाही. नायट्रोफ्युरालचा फायदा संशोधकांना उपचाराच्या दृष्टीने पुरेसा वाटला नाही आणि त्या नळीचा रुग्णांना त्रासही अधिक झाला.

म्हणून सगळेच मुलामे निरुपयोगी आहेत असे नाही. १९९९ साली मोठ्या शिरेत घालायच्या दोन नळ्यांची तुलना प्रसिद्ध झाली. एकीवर आतून-बाहेरून दोन प्रतिजैविकांचा मुलामा होता, तर दुसरीवर फक्त बाहेरून जंतुनाशक व चांदीच्या संयुगाचा. नळीमुळे रक्तात जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण पहिलीत ०.३ टक्के, तर दुसरीत ३.४ टक्के आढळले. दोन्हींतली औषधे वेगळी होती, त्यामुळे सगळे श्रेय आतल्या मुलाम्याला देता येणार नाही. पण जंतू नळीच्या आतूनही शिरतात हे लक्षात घेता केवळ बाहेरची बाजू तपासणारी चाचणी अपुरी ठरते.

९९.९ या आकड्याचे गणित वर्गात सहज करता येईल. १० लाख जंतूंपैकी ९९.९ टक्के मेले, तरी १,००० उरतात. ते दर अर्ध्या तासाला दुप्पट झाले, तर दहा दुपटींत, म्हणजे पाच तासांत, १०,२४,००० होतात. बायोफिल्ममध्ये वाढ मंद असते, त्यामुळे अधिक वेळ लागेल. पण नळी तर अनेक दिवस आत असते.

मग चाचणी कशी असावी? आमच्या मते दावा वाचताना पाच प्रश्न विचारावेत. जंतू सुटे होते की बायोफिल्ममध्ये? द्रव पोषक पाणी होते की लघवी वा रक्तद्रवासारखे, आणि ते वाहते होते का? साधन जितके दिवस वापरायचे तितके दिवस चाचणी चालली का? मुलामा नसलेले तेच साधन तुलनेला होते का? आणि शेवटचा, बहुधा विसरला जाणारा प्रश्न: मोजणीपूर्वी औषधाचा परिणाम थांबवला होता का आणि थर पूर्ण सुटा केला होता का? औषधाचा अंश पेट्री बशीत गेला, तर जंतू तेथे वाढत नाहीत; थर नळीला चिकटून राहिला, तर जंतू मोजलेच जात नाहीत. दोन्ही वेळा औषध आहे त्यापेक्षा प्रभावी भासते.

अशा चाचण्या महाग आणि वेळखाऊ असतात, ही अडचण खरी आहे. म्हणून सोपी चाचणी पहिली चाळणी म्हणून जरूर वापरावी. जे साधन तिच्यात नापास होते ते पुढे नेऊ नये. पण चाळणीतून उतरणे हाच अंतिम निकाल मानला, तर जादा पैसे रुग्ण मोजतो आणि नळी आत असताना संसर्गाचा धोका तसाच राहतो. विद्यार्थ्यांना टक्केवारी शिकवताना आकड्याआधी प्रयोगाची मांडणी विचारण्याची सवय लावली, तर त्यांना असले दावे पुढे स्वतःच तपासता येतील.