ऐकलेलं लिहिणारी मासिकं

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत ताईने आणि मी एक उद्योग केला. हॉलमध्ये चादर टांगली. चादरीमागे ॲम्प्लिफायर, त्याच्या एका इनपुटला माझा ₹२७,०००चा डॅक आणि दुसऱ्या इनपुटला ॲपलचं ₹९००चं डोंगल. (डॅक म्हणजे डिजिटल फाईलमधल्या आकड्यांचा आवाजाचा सिग्नल बनवणारी डबी. डोंगलमध्येही तेच असतं, फक्त नखाएवढं.) लॅपटॉपवरून दोन्हींकडे एकाच वेळी तेच गाणं जात होतं. ताईने नाणं उडवायचं, त्याप्रमाणे इनपुट निवडायचं, मी अलीकडे सोफ्यावर बसून ओळखायचं. आधी ५० हर्ट्झचा टोन वाजवून मल्टिमीटरने दोन्हींची पातळी जुळवून घेतली होती, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच 'जास्त चांगला' वाटतो.

१६ वेळा ऐकलं. ९ बरोबर आले. नुसते अंदाज ठोकत गेलो असतो तरी ९ किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता ४० टक्के असते. ताईने वही मिटली आणि म्हणाली, "म्हणजे तुला काहीच कळत नाही." स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "मी तेव्हाच म्हटलं होतं."

तो डॅक मी पहिल्या बोनसमधून घेतला होता, एका परदेशी हाय-फाय मासिकातलं परीक्षण वाचून. परीक्षकाच्या मते या डबीमुळे गाण्यावरचा पडदा दूर होतो. आमच्याकडे उलट झालं. पडदा लावला आणि फरक दूर झाला.

एवढं झाल्यावर मासिकाची डिजिटल वर्गणी बंद करायला हवी होती. केली नाही. का नाही केली, हे स्वतःलाच नीट सांगता येत नव्हतं, म्हणून गेले काही महिने मी ही मासिकं मागे मागे जात वाचतोय. वर्ल्ड रेडिओ हिस्टरी नावाच्या साइटवर जुन्या ऑडिओ मासिकांचे हजारो अंक स्कॅन करून ठेवलेत. ऑफिसच्या बसमध्ये मोबाइलवर झूम करकरून १९६० च्या दशकातल्या ॲम्प्लिफायरची परीक्षणं वाचणारा मी एकटाच असेन.

तिथे एक गोष्ट कळली. ज्या 'कानाने ऐकून लिहिण्या'ला आपण आज अंधश्रद्धा म्हणून हसतो, ते मुळात बंड होतं. जे. गॉर्डन होल्ट हा माणूस 'हाय फिडेलिटी' या अमेरिकन मासिकात काम करायचा. जाहिरातदारांशी असलेले संबंध परीक्षणात उतरतात, हे त्याला पटेना. १९६२ मध्ये त्याने स्वतःचं 'स्टिरिओफाइल' काढलं. तेव्हाच्या मोठ्या मासिकांत यंत्र प्रयोगशाळेत मोजायचे, आकडे छापायचे आणि बहुतेक सगळंच 'उत्तम' ठरायचं. होल्टचं म्हणणं साधं होतं: यंत्र ऐकायला बनवलंय ना, मग ऐका आणि काय ऐकू आलं ते लिहा. १९७३ मध्ये हॅरी पिअरसनने 'द ॲब्सोल्यूट साउंड' काढलं आणि मोजमापाला जवळपास रामरामच ठोकला. त्याची कसोटी एकच: खऱ्या जागेत, खऱ्या वाद्यांचा, लाउडस्पीकरशिवाय येणारा आवाज. यंत्र त्याच्या किती जवळ जातं ते सांगायचं.

पण ऐकलेलं लिहायचं तर शब्द हवेत. ते या लोकांनी घडवले. साउंडस्टेज, इमेजिंग, ट्रान्झियंट, डिके, ग्रेन. होल्टने तर अशा शब्दांचा अख्खा कोशच केला. यातले अर्धे शब्द आता हेडफोनच्या खोक्यावर छापून येतात आणि त्यांचा अर्थ गेलाय. मूळ परीक्षणात ते वापरले जातात तेव्हा मात्र कान खरोखर टवकारतात. डिके म्हणजे काय हे वाचल्यावर मी पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकलं की सूर छेडल्यावर तो कसा विरतो, किती वेळ रेंगाळतो, पुढचा सूर येईपर्यंत त्याच्या मागे काय उरतं.

आणि मग लक्षात आलं की याला आपल्याकडे शब्द आहे. आस. बाबा सतारीची रेकॉर्डिंग ऐकताना म्हणायचे, "आस बघ कशी लांबते." मी लहानपणी ते 'आशा'मधलं आस समजायचो. तसेच 'दाणेदार' तान, बायाचा 'घुमारा', तानपुऱ्याची 'जवारी'. जवारी ही तर हाय-फायची परीक्षा घ्यायला बनवल्यासारखी गोष्ट आहे. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून साधलेला, वरच्या स्वरांशांनी भरलेला तो झणत्कार स्वस्त स्पीकरमधून नुसती भुणभुण होऊन बाहेर येतो. पण या मासिकांत सगळीकडे तेच ते जॅझ ट्रिओ आणि डायना क्रॉल. तानपुरा कुणी लावतच नाही. हा त्यांचा दोष म्हणण्यापेक्षा आपला म्हणावा का? बैठकीतल्या आवाजाचे एवढे शब्द आपल्याकडे आहेत, पण ते घेऊन स्पीकरचं परीक्षण लिहिलेलं मी मराठीत वाचलेलं नाही. मिळालं तर त्याची वर्गणी आधी भरीन.

तर मासिकाने मला ऐकायला शिकवलं, आणि त्याच मासिकाने मला ₹२७,०००ला गंडवलं. दोन्ही खरं आहे.

गंडवणं कसं होतं, हे पाहायला एमक्यूएचं प्रकरण पुरेसं आहे. मेरिडियन कंपनीच्या बॉब स्टुअर्ट यांनी डिसेंबर २०१४ मध्ये हे फॉरमॅट जाहीर केलं. हाय-रेझोल्यूशन फाईल घडी घालून लहान करायची आणि तरी स्टुडिओत होतं तसंच ऐकवायचं, असा दावा. 'स्टिरिओफाइल' आणि 'द ॲब्सोल्यूट साउंड' दोन्हींनी ते डोक्यावर घेतलं. कंपनीने मांडलेल्या प्रात्यक्षिकात ऐकायचं, भारावून जायचं, लिहायचं. एन्कोडर बाहेरच्या कुणाला मोकळेपणी तपासायला मिळत नव्हता, आणि पत्रकाराला नेमकं हेच खटकायला हवं. २०२१ मध्ये एका हौशी माणसाने टायडल या स्ट्रीमिंग सेवेवर स्वतःच्या ट्रॅकमध्ये लपवून चाचणीचे सिग्नल चढवले आणि परत येणारी फाईल मूळ फाईल नसते हे दाखवून दिलं. २०२३ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, २०२४ मध्ये टायडलने एमक्यूए काढून टाकलं. आपण प्रॉडक्शनवर असा कोड चढवला असता, 'टेस्ट केलंस का?' या प्रश्नाला 'ऐकून छान वाटलं' असं उत्तर दिलं असतं, तर?

दुसरं प्रकरण मला जास्त बोचतं, कारण त्यात कुणाची जाहिरात मध्ये नाही, फक्त कान आहेत. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी जुन्या अल्बमच्या महागड्या एलपी काढते. शौकीन त्या घ्यायचे, कारण त्या मूळ टेपपासून तबकडीपर्यंत पूर्ण ॲनालॉग आहेत असं सगळे धरून चालले होते. जुलै २०२२ मध्ये उघड झालं की अनेक एलपींत मध्ये एक डिजिटल पायरी होती, तीही कित्येक वर्षं. डिजिटल आवाज 'थंड' असतो, एका क्षणात कळतो, असं आयुष्यभर लिहिणाऱ्यांना तो कळला नव्हता. यातून खरं तर आनंदाची बातमी निघते: चांगलं डिजिटल एवढं चांगलं आहे. पण ती बातमी तशी लिहायला स्वतःचे जुने लेख खोडावे लागतात.

मग लोक मोजमापाकडे वळले, यात नवल नाही. आज कुठलाही डॅक आला की आठवड्याभरात कुणीतरी तो ॲनालायझरला जोडून सिनाड नावाचा एक आकडा काढतं: मूळ सिग्नलच्या तुलनेत खरखर आणि विकृती मिळून किती खाली आहे, डेसिबलमध्ये. मग रँकिंग. इंजिनिअरच्या जिवाला हे फार बरं वाटतं. मीही वर्षभर त्या रँकिंगमध्येच राहत होतो. पण ११० आणि १२० मधला फरक घरातल्या पंख्याच्या आवाजात कुणाला ऐकू येणार? सीईटीच्या पर्सेंटाइलसारखं आहे ते. ठरावीक पातळीनंतर आकडा फक्त आकड्याशी स्पर्धा करतो. यूट्यूबवरच्या परीक्षणांबद्दल बोलायलाच नको. तिथे खाली खरेदीची लिंक असते आणि त्यावर कमिशन असतं. होल्ट ज्या गोष्टीला वैतागून बाहेर पडला, ती फिरून तिथेच आली आहे.

या सगळ्यात मला वर्गणी भरायला लावणारी गोष्ट म्हणजे 'स्टिरिओफाइल'च्या परीक्षणाचा आकार. आधी परीक्षक घरी यंत्र ठेवून मनसोक्त लिहितो. शेवटी वेगळ्या चौकटीत मोजमापं येतात. १९८६ मध्ये संपादक झालेल्या जॉन ॲटकिन्सन यांनी ही पद्धत रुळवली. अनेकदा दोघांचं जुळत नाही, आणि दोन्ही छापलं जातं.

उदाहरणार्थ, एक-एक ट्रायोड व्हॉल्व्हचे छोटे ॲम्प्लिफायर. परीक्षक लिहितो की गायिकेचा आवाज असा भरदार कधी ऐकला नव्हता. खाली मोजमापात दिसतं की याचा आउटपुट इम्पिडन्स बराच जास्त आहे. स्पीकरचा इम्पिडन्स प्रत्येक वारंवारतेला वेगळा असतो, त्यामुळे असा ॲम्प्लिफायर त्याला जोडला की फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स सरळ राहत नाही, कुठे फुगतो, कुठे दबतो. ॲटकिन्सन खऱ्या स्पीकरसारखं वागणारं सर्किट जोडून तो आलेख काढतात. म्हणजे परीक्षकाला भास झाला नव्हता. त्याने खरंच वेगळं ऐकलं. आता हा दोष म्हणायचा की चव, हे वाचकाने ठरवायचं, आणि दुसऱ्या स्पीकरवर तो भरदारपणा मिळेलच असं नाही, हेही त्याच आलेखात आहे. नुसता सिनाड पाहून हा ॲम्प्लिफायर 'भंगार' ठरला असता. नुसतं गद्य वाचून मी तो विकत घेतला असता.

माझी तक्रार एवढीच, की या चौकटीच्या शेजारी तिसरी चौकट हवी: चादरीमागची. होल्टने स्वतः २००७ मध्ये, 'स्टिरिओफाइल'च्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ॲटकिन्सन यांच्याशी बोलताना हेच सांगितलं होतं. या क्षेत्राने डबल-ब्लाइंड चाचणीला नकार देऊन आपली पत घालवली, असं त्याचं मत होतं. ऐकून लिहिण्याची परंपरा ज्याने सुरू केली, तोच हे म्हणत होता. मासिकाने ते छापलं, हे कौतुकाचं. करत मात्र काही नाही. कारणही उघड आहे. १६ पैकी ९ असा निकाल दर महिन्याला येऊ लागला तर ए, बी, सी, डी वर्गांत वाटलेली 'शिफारस केलेली यंत्रं' ही यादी कशी काढणार? शिवाय परीक्षकांना यंत्रं सवलतीच्या दरात विकत घेता येतात, ही या धंद्यातली उघड पद्धत आहे. स्वतःच्या घरातल्या यंत्राबद्दल 'फरक पडत नाही' लिहायला वेगळाच जिगर लागतो. मलाही ताईने वही पुढे केली तेव्हा पहिल्यांदा वाटलं होतं, की चादर जाड आहे.

डॅक जानेवारीत ओएलएक्सवर टाकला. घ्यायला आलेला मुलगा सेकंड इयरला होता, पाठीवर सॅक, हातात हेडफोन. त्याने तेच परीक्षण वाचलं होतं. "दादा, खरंच एवढा फरक पडतो?" मी त्याला बसवलं, तानपुरा लावला, जवारी कुठे ऐकायची, आस कशी विरते ते दाखवलं. त्याने डोळे मिटून ऐकलं. मग डोंगल जोडून तेच पुन्हा ऐकवलं. बराच वेळ तो काही बोलला नाही. शेवटी हजार रुपये कमी करून डॅक घेऊन गेला.