सिगालोवाद सुत्त : वेतन, सिप्प आणि अट्ठकथेतील एक शब्द

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त ‘गिहिविनय’ म्हणून ओळखले जाते. प्रवचनांत त्याचा उपयोग बहुधा आईवडिलांना उपदेश करण्यापुरता होतो : व्यसने सोडा, मुलांना शिकवा. हा अर्थ चुकीचा नव्हे; परंतु अपुरा आहे.

मातापित्यांच्या पाच कर्तव्यांत अपत्यास ‘सिप्प’, म्हणजे विद्या वा कसब, शिकविणे हे एक आहे. त्याच सुत्तात मालकाचीही पाच कर्तव्ये सांगितली आहेत : शक्तीनुसार काम, अन्न व वेतन, आजारात शुश्रूषा, मिष्टान्नात वाटा आणि वेळेवर सुटी. पूर्व दिशा मातापित्यांची, खालची दिशा दास-कामकऱ्यांची. गृहस्थाने सहाही दिशा राखावयाच्या आहेत. ज्याच्या वेतनात घर भागत नाही, त्याने मुलाला शाळेत ठेवावे कसे? खालची दिशा ढळली की पूर्व दिशाही ढळते. मग दोष एकट्या बापाच्या माथी का?

बुद्धघोषाचार्यांची अट्ठकथा वेतनाविषयी उदार आहे. याला लहान मुले आहेत, हा एकटा आहे, असे पाहून अन्न व खर्ची द्यावी, असा तिचा आशय. आपल्या देशात १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनासाठी कामगारामागे कुटुंबाची तीन उपभोग-एकके धरली. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार आदींसाठी २५ टक्क्यांची भर आवश्यक मानली. वेतन हे एकट्या देहाचे नव्हे, कुटुंबाचे असते, हेच यामागचे तत्त्व.

मात्र ‘सिप्पा’पाशी हीच अट्ठकथा संकोचते. मुलाला ‘वंसानुगत’, म्हणजे वंशपरंपरेने आलेले, सिप्प शिकवावे असे ती म्हणते. उदाहरण ती हिशेब-गणनेचे देते; पण ज्यांच्या वाट्याला वंशाने झाडू आणि मेलेली ढोरे आली, त्यांच्यासाठी या एका शब्दाने दार बंद होते. मूळ सुत्तात तो शब्द नाही. जातिव्यवस्था ही श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. १९४५ ची पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ चे सिद्धार्थ महाविद्यालय यांनी वंशात नसलेल्या विद्येचे दार उघडले.

मूळ सुत्तालाही मर्यादा आहे. ते दासाला न्यायाने वागविण्यास सांगते, दास्य मोडण्यास सांगत नाही. ही मर्यादा झाकण्याचे कारण नाही. तरीही प्रवचनकारांनी पुढील वर्षावासात हे सुत्त घेताना पूर्व दिशेबरोबर खालची दिशाही सांगावी. उपासकांत मजूर असतात, तसे आता घरकामाला बाई ठेवणारे नोकरदारही असतात. तिच्या मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न त्यांच्याही दिशावंदनेचा भाग आहे.