शांतता राखा : एका नियमफलकाचे वाचन

आमच्या समीक्षेने कविता तपासली, आत्मकथने तपासली, जलसा आणि नाटकही तपासले. परंतु ही पुस्तके ज्या दारातून वाचकाकडे जातात त्या दारावरचा मजकूर कोणी वाचावयास घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही. सार्वजनिक वाचनालयाच्या भिंतीवर टांगलेल्या नियमफलकाविषयी मी बोलतो आहे. तोही एक मजकूरच आहे. त्याला लेखक आहे, अभिप्रेत वाचक आहे, त्याची स्वतःची भाषा आहे आणि त्या भाषेच्या पाठीशी एक मूल्यव्यवस्था उभी आहे.

वाशिम जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी शिकवितो. तेथील वाचनालयाचे नाव येथे देत नाही. दिले तर प्रश्न एका संस्थेपुरता उरेल, आणि असे फलक वऱ्हाडात काय, मराठवाड्यात काय, कोठेही सापडतील. फलक पत्र्याचा आहे. निळ्या रंगावर पांढरी अक्षरे, एकूण नियम चौदा. वर्गणी व अनामत आगाऊ भरावी. अर्जावर दोन सभासदांची अथवा एका प्रतिष्ठित नागरिकाची जामीनदार म्हणून सही असावी. पादत्राणे बाहेर काढावीत. शांतता राखावी, मोठ्याने वाचू नये, घोळक्याने बसू नये. कपाटास हात लावू नये. बाहेरील पुस्तके आत आणू नयेत. घरी नेलेले पुस्तक दुसऱ्यास वाचावयास देऊ नये. पुस्तक खराब वा गहाळ झाल्यास सभासद व जामीनदार दोघेही जबाबदार राहतील. आणि सर्वांत शेवटी, समितीचा निर्णय अंतिम राहील.

यात जात कोठे आहे? कोठेच नाही, आणि हाच या मजकुराचा विशेष आहे. पूर्वीच्या पाणवठ्यावरील नियमाला कर्ता होता. कोणी यावे व कोणी येऊ नये हे तो उघड सांगत असे. या फलकावरील क्रियापदे पाहा : भरावी, काढावीत, राखावी. कर्ता अध्याहृत आहे. जो कोणी येईल त्याला हे लागू, असा त्याचा आव आहे. पण नियम ज्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला गेला त्याचे चित्र त्याच नियमांतून काढता येते. त्याच्याजवळ अनामत म्हणून वर्षानुवर्षे पडून राहू शकेल एवढी रक्कम आहे. त्याच्या ओळखीत आधीपासूनच सभासद असलेले दोघे आहेत. मुकाट्याने, एकट्याने वाचण्याची सवय त्याला घरात लागली आहे, म्हणजे घरात त्यासाठी एक कोपरा आहे. कोणते पुस्तक मागावे हे त्याला न पाहताच ठाऊक आहे. हा माणूस आमच्या वस्तीत राहत नाही.

मागल्या वर्षी आमच्या महाविद्यालयातील बी.ए. द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. आईवडील सोयाबीनच्या सोंगणीला जाणारे. तिला बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ हवे होते. आमच्या महाविद्यालयाची एकमेव प्रत बाहेर गेलेली होती, वाचनालयात होती. ती म्हणाली, “सर, थे म्हंते दोघायच्या सह्या आन. मी कोनाले म्हनू?” मी सही केली. प्राध्यापक म्हणून मी आता प्रतिष्ठित नागरिकांत मोडतो, हे मला त्या दिवशी त्या अर्जाने सांगितले. घरी येताना बरे वाटले, हे कबूल करतो. रात्री मात्र ते बरे वाटणे टोचू लागले.

कारण आमच्या इतिहासात अशा सहीचे एक फार मोठे उदाहरण आहे. विद्यार्थी भीमराव मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत असे. तेथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला हेरले. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर त्यांनी आपले बुद्धचरित्र त्याला दिले, आणि पुढे सयाजीराव महाराजांकडे त्याच्यासाठी शब्दही टाकला. ही गोष्ट आपण कृतज्ञतेने सांगतो व सांगावीच. पण तिच्यातला दुसरा भाग आपण सांगत नाही. तो मुलगा बागेत का वाचत होता? बागेला जामीनदार लागत नाही. दहा वर्षांनी, १९१७ साली, तोच मुलगा परदेशची विद्या घेऊन बडोद्यास अधिकारी म्हणून आला. सयाजीरावांनी १९१० पासून अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांच्या हस्ते मोफत ग्रंथालयांचे जाळे ज्या संस्थानात उभे केले होते, तेच हे बडोदे. तेथे पारशी धर्मशाळेतून हाकलले गेल्यावर मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे तास त्यांनी काढले ते कामाठी बागेत. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी स्वतःच ते लिहून ठेवले आहे. पुन्हा बागच.

केळुसकर भेटले म्हणून आपण धन्यता मानतो. पण ज्यांना ते भेटले नाहीत त्यांची गणती कोणी ठेवली? भला माणूस सही करतो तेव्हा एक मूल आत जाते आणि नियम आणखी एक वर्ष टिकतो. माझ्या सहीने तेच केले.

येथे कोणी म्हणेल, अनामत आणि जामीन सर्वांनाच लागतो, त्यात भेद कसला? याचे उत्तर संस्थेच्या रचनेत आहे. आपल्याकडील जुनी वाचनालये वर्गणीदारांच्या मंडळ्या म्हणून जन्माला आली. पुण्यात १८४८ साली नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली. त्याच पुण्यात, त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. एक दार वर्गणी भरणाऱ्यांसाठी आणि दुसरे ज्यांच्यासाठी कोणतेच दार नव्हते त्यांच्यासाठी. महाराष्ट्राच्या वाचनालयांनी यांपैकी पहिल्या दाराचा वारसा घेतला, असे मला वाटते.

स्वातंत्र्यानंतर तरी हे बदलावयास हवे होते. मद्रासने १९४८ साली ग्रंथालय कायदा केला आणि मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकर बसविला. ग्रंथालय ही शासनाची जबाबदारी ठरली. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्याने उपकर घेतला नाही. संस्थांनी वाचनालये चालवावीत आणि शासनाने अनुदान द्यावे, हा मार्ग धरला. १९७० च्या नियमांनी अनुदानाची रीत ठरली आणि वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडले. परिणाम असा झाला की पैसा सार्वजनिक आणि सभा खाजगी. नियम करते समिती, समिती निवडतात सभासद, सभासद होण्यास लागतो आधीचा सभासद. हे वर्तुळ ज्या दिवशी पहिल्यांदा आखले गेले त्या दिवशी आपण बाहेर होतो. मुंबईच्या कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले यांचा ठराव झाला, त्या यादीत पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने होते. वाचनालयाचा उल्लेख नव्हता. (वऱ्हाड तेव्हा त्या इलाख्यात नव्हताच, ती गोष्ट वेगळी.) अस्पृश्य मनुष्य पाणी मागेल, औषध मागेल, न्याय मागेल, तो पुस्तकही मागेल हे बहुधा कोणाच्या मनात आले नसावे. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने मात्र पूर्णतः वा अंशतः शासनाच्या पैशावर चालणाऱ्या सार्वजनिक जागा सर्वांना खुल्या केल्या. त्यातील ‘अंशतः’ या शब्दावर आपल्या वकील मित्रांनी विचार करावा. शासन उत्कृष्ट ग्रंथालयांना पुरस्कार देते तो बाबासाहेबांच्याच नावाने, हेही त्यांनी ध्यानात घ्यावे.

आता शांततेविषयी. शांतता नको असे मी म्हणत नाही. स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणारी आमची मुले सकाळी सातपासून तेथे बसतात, त्यांना ती हवीच असते. (त्यांची खरी अडचण ‘बाहेरील पुस्तके आणू नयेत’ ही आहे. त्यांना टेबल हवे असते, पंखा हवा असतो, पुस्तक त्यांचे स्वतःचे असते.) पण वाचन म्हणजे एकाने, मनातल्या मनात केलेली क्रिया, ही कल्पना कोठून आली? आमच्याकडे वाचन असे आलेच नाही. ज्या समाजाला अक्षरच नाकारले होते तेथे एक वाचणारा आणि शंभर ऐकणारे असत. ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ ही पत्रे डोळ्यांइतकीच कानांनी वाचली गेली. आजही वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहाराविहारातून बाबासाहेबांचा धम्मग्रंथ मोठ्याने वाचला जातो. त्या ग्रंथाच्या मराठी अनुवादकांपैकी एक शां. शं. रेगे हे सिद्धार्थ कॉलेजचे ग्रंथपाल होते, ही गोष्ट मला येथे मुद्दाम नोंदवावीशी वाटते. ग्रंथपालाने मराठीत आणलेला ग्रंथ, आणि तो ज्या रीतीने वाचला जातो ती रीत नियमफलकाला अमान्य! वाचनालयात एक खोली, आठवड्यातून एक संध्याकाळ, मोठ्याने वाचण्यासाठी ठेवली तर कोणाचे काय बिघडेल?

कपाटाची गोष्ट याहून गंभीर आहे. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतील पहिलाच नियम, ग्रंथ उपयोगासाठी असतात. आमच्या वाचनालयात कादंबऱ्यांचे घोडे उघडे आहेत. मात्र ‘दलित साहित्य’ अशी चिठ्ठी लावलेले कपाट वेगळे, भिंतीकडे, कुलुपात. त्यात ‘फकिरा’ आहे, ‘बलुतं’ आहे, ‘गोलपिठा’ आहे. ‘फकिरा’ ही कादंबरी आहे ना? मग ती कादंबऱ्यांत का नाही? ग्रंथपाल म्हणाले, “सर, मांगनी असते ना, चोरीले जाते, म्हून कुलूप.” ते खरे बोलत असतील. तुटपुंज्या मानधनावर काम करणारा हा माणूस, गहाळ पुस्तकाचा जाब त्यालाच द्यावा लागतो. त्याच्यावर माझा राग नाही. पण ज्या पुस्तकाला सर्वांत जास्त मागणी तेच कुलुपात, हे वाचनालयाचे तर्कशास्त्र की कोठाराचे? आणि वेगळ्या कपाटाला सन्मान म्हणणारे आमच्यातही आहेत. त्यांना मी एवढेच विचारीन की गावाबाहेरची वस्ती वेगळी होती, तीही सन्मानाने का?

कुलूप उघडले म्हणजे काय होते याचे उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. कारंज्याच्या जैन भांडारांत शेकडो वर्षे हस्तलिखिते जपली गेली. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील प्राध्यापक हिरालाल जैन यांनी ती पाहिली, आणि कारंजा जैन ग्रंथमाला सुरू झाली. पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ प. ल. वैद्यांच्या संपादनाने १९३१ साली त्यात निघाले, आणि अपभ्रंशाच्या अभ्यासाला नवी सामग्री मिळाली. जपणाऱ्यांचे ऋण मोठे आहे. पण पोथी जपली गेली कुलुपामुळे आणि ग्रंथ झाली ती कुलूप निघाल्यामुळे.

हे सारे लिहिताना आपल्याकडेही पाहिले पाहिजे. आमच्या विहारातील वाचनालयाला फलक नाही, म्हणून ते मुक्त आहे असे मानण्याचे कारण नाही. तेथे दोन लोखंडी कपाटे आहेत. किल्ली पंचमंडळाच्या अध्यक्षांकडे असते आणि अध्यक्ष दिवसभर कामावर असतात. स्त्रिया वंदनेला येतात, झाडतात, दिवे लावतात. किल्ली त्यांच्यापैकी एकीकडे असावी असे अजून कोणी सुचविलेले नव्हते. शेजारच्या मातंग वस्तीतील मुले आत येत नाहीत, जरी अण्णा भाऊंचा फोटो भिंतीवर आहे. न लिहिलेला नियम लिहिलेल्यापेक्षा पुसण्यास कठीण असतो.

त्या विद्यार्थिनीने ‘जिणं आमुचं’ नेले ते वर्षावासाच्या दिवसांत. धम्मग्रंथाचे वाचन आटोपल्यावर तिने विहारात त्यातली काही पाने वाचली. दुसऱ्या दिवशी बायांनी आणखी मागितली. मग पुस्तक घरोघर फिरले, चार घरे तरी. परत आले ते अकरा दिवस उशिरा, मुखपृष्ठावर हळदीचा डाग घेऊन. ग्रंथपालांनी मला बोलावून नोंदवही दाखविली. मोठ्याने वाचन त्यांच्या हद्दीबाहेर झाले होते, ते सुटले. बाकी दुसऱ्यास देणे, उशीर आणि खराबी, असे तीन नियम मोडले होते, आणि जामीनदार म्हणून मी जबाबदार होतो. दंड मी भरला.

वार्षिक सभेत मी तीन दुरुस्त्या मांडल्या : विद्यार्थ्यांसाठी जामीन व अनामत रद्द करावी, वेगळे कपाट मोडून ती पुस्तके त्या त्या विषयात लावावीत, आणि आठवड्यातून एक सामुदायिक वाचन ठेवावे. तिसरीवर कोणी फारसे बोलले नाही. दुसरीवर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, तुमच्याच लोकांना शोधायला सोपे जावे म्हणून ते कपाट केले आहे. पहिलीवर मात्र ती हळद लागलेली प्रत टेबलावर ठेवण्यात आली. तिन्ही दुरुस्त्या पुढील वार्षिक सभेकडे गेल्या आणि प्रत समितीने पुरावा म्हणून ठेवून घेतली. तेव्हापासून ती कोणालाच मिळत नाही.

दुसरी प्रत मी मागविली आहे. ती विहारात राहील. किल्ली कोणाकडे द्यावयाची, यावर मात्र आमच्या पंचमंडळाच्या दोन बैठका झाल्या, आणि अजून एकमत झालेले नाही.