जुना खेळ आणि त्याची लय

संगणकावरील जुन्या खेळांविषयी साहित्याच्या नियतकालिकात लिहावे काय, अशी शंका काही वाचकांस येईल. तिचे एक उत्तर कायद्यानेच देऊन ठेवले आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि तेव्हापासून संगणकाची आज्ञावली 'साहित्यकृती'च्या व्याख्येत गणली जाते. कायद्याची वर्गवारी हा रसिकतेचा पुरावा नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या वस्तूस साहित्यकृतीचे संरक्षण मिळते, तिला साहित्यकृतीची चिकित्साही मिळावयास हवी, एवढे तरी त्यावरून म्हणता येते. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे खेळ पुन्हा चालवून पाहण्याची हौस आज जगभर आढळते. बालपणीच्या आठवणींचा उमाळा म्हणून तिची बोळवण केली जाते. आम्हांस मात्र तो पाठचिकित्सेचा प्रश्न वाटतो.

ग्वाल्हेरकरांस हा प्रश्न परका नाही. येथील ख्यालगायकी हद्दूखाँ-हस्सूखाँ यांच्यापासून गळ्यातून गळ्यात आली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती तालमीनेच महाराष्ट्रात नेली. पुढे भातखंड्यांनी शेकडो बंदिशी स्वरलिपीत उतरविल्या, आणि १९१८ साली त्यांच्याच मार्गदर्शनाने येथे माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. स्वरलिपीमुळे बंदिशी टिकल्या. तथापि स्वरलिपी म्हणजे गायन नव्हे, हे येथील कोणताही जाणता श्रोता सांगेल. संगणकाच्या खेळाचीही हीच स्थिती आहे. चकतीवरील आज्ञावली ही त्याची स्वरलिपी. ती यंत्रावर चालू लागते आणि खेळणाऱ्याचा हात तिच्याशी जुळतो, तेव्हाच खेळ अस्तित्वात येतो. कपाटात मिटून ठेवलेले पुस्तक हे पुस्तकच असते. न चालणारा खेळ हा खेळ नव्हे.

आता लयीचे पाहू. १९८१ साली निघालेल्या आय.बी.एम.च्या पी.सी.चा प्रोसेसर सेकंदास सुमारे ४७ लक्ष ७० हजार ठोके देत असे. त्या काळच्या कित्येक खेळांनी वेळ मोजण्यासाठी या ठोक्यांवरच भिस्त ठेवली. पुढे यंत्रे वेगवान झाली आणि तीच आज्ञावली, एक अक्षरही न बदलता, हातास आवरेनाशी धावू लागली. शब्द तेच, स्वर तेच. विलंबित ख्याल मात्र अतिद्रुत झाला. म्हणूनच त्या काळच्या पुष्कळ पेट्यांवर 'टर्बो' नावाची कळ असे आणि, नाव वेगाचे असूनही, तिचा खरा उपयोग यंत्राची गती उतरविण्यासाठी होई. २००२ साली 'डॉसबॉक्स' ही आज्ञावली निघाली. आजच्या यंत्राच्या पोटात ती जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल उभी करते आणि तिची गतीही आपणांस ठरविता येते. अशा नकलेस एम्युलेटर म्हणतात. गोरखीच्या वाड्यातून राजे गेले, कचेऱ्या आल्या, शाळा भरली. वाडा राहिला, रहिवासी बदलले. खेळाच्या बाबतीत नेमके उलट करावे लागते. रहिवासी तोच ठेवून त्याच्याभोवती जुने घर पुन्हा बांधावे लागते.

हे श्रम सार्थकी लागतात काय? 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा १९८९ चा खेळ उदाहरणादाखल घेऊ. जॉर्डन मेक्नर या तरुणाने आपल्या धाकट्या भावाच्या धावण्या-उडी मारण्याचे चित्रण करून त्यावरून नायकाच्या हालचाली रेखाटल्या. म्हणून या नायकाच्या देहाला वजन आहे: तो एकाएकी थांबत नाही, आणि उडी आधीच योजावी लागते. यंत्राच्या स्मृतीत दुसऱ्या पात्रासाठी जागा उरली नव्हती, तेव्हा मेक्नरने नायकाच्याच आकृतीपासून त्याची छाया घडविली. आरशातून उडी घेताच ही छाया निराळी होते आणि पुढे वैरी म्हणून सामोरी येते. तिच्यावर केलेला प्रत्येक वार स्वतःसच लागतो. तलवार म्यान केली, तरच दोघे पुन्हा एक होतात. साधनांच्या दारिद्र्यातून अर्थ कसा निपजतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण आम्हांस आठवत नाही. वृत्ताच्या बंधनातून प्रतिमा सुचावी, तशातलाच हा प्रकार आहे.

याच कारणास्तव नटव्या नवआवृत्त्यांविषयी आम्ही साशंक आहोत. २००७ साली या खेळाची नव्या त्रिमितीय चित्रांनी सजविलेली आवृत्ती निघाली. ती देखणी आहे; परंतु ज्या टंचाईतून छाया जन्मली, ती टंचाईच तेथे उरलेली नाही. एम्युलेटरही निर्दोष नव्हे. त्यात कोणत्याही क्षणी डाव गोठवून, चूक होताच त्या क्षणास परतता येते. राजकन्येस साठ मिनिटांत सोडवावयाचे, या अटीवर ज्या कृतीचा सारा ताण उभा आहे, तिला ही सवलत मारक आहे. अशा रीतीने खेळून दिलेला अभिप्राय हा भाषांतर वाचून मूळ कवितेवर दिलेल्या अभिप्रायासारखाच मानावा.

तथापि अभिप्रायापूर्वी कृती हाती लागली पाहिजे. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत, असे तेथील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीत आढळले. संशोधकांना असे खेळ दूरस्थपणे वापरू द्यावेत, ही ग्रंथालयांच्या वतीने केलेली मागणी तेथील कॉपीराइट कार्यालयाने २०२४ साली नाकारली. आपल्याकडे कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क अबाधित राहतो. चुंबकीय चकतीवरची अक्षरे मात्र इतकी वर्षे वाट पाहत नाहीत. 'प्रिन्स'ची मूळ आज्ञावली २०१२ साली वाचली, ती मेक्नरच्या वडिलांना घरात जुन्या चकत्या सापडल्या म्हणून. दैवावर विसंबून कोणतेही वाङ्मय टिकलेले नाही.

आपल्याकडील शाळांच्या संगणक-कक्षांत १९९० नंतरच्या दशकात ज्यांनी हे खेळ खेळले, ते आज स्वतः शिक्षक झाले आहेत. कोणता खेळ कोणत्या यंत्रावर, कोणत्या गतीने चाले, कोठे हात अडखळे, ही तालीम त्यांच्या बोटांत आहे. ती त्यांनी मराठीत लिहून ठेवावी. स्वरलिपी इतरत्र सांभाळली जाईलही. गायकी ज्यास येते त्यानेच ती सांगितली पाहिजे.