'द किंग्ज स्पीच' : चारचौघांचे भय आणि त्यावरील उपचार

टॉम हूपर ह्यांनी दिग्दर्शित केलेला 'द किंग्ज स्पीच' हा चित्रपट २०१० साली आला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, अभिनय व मूळ पटकथा अशी चार ऑस्कर पारितोषिके त्याने मिळवली. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज ह्यांचे तोतरेपण आणि लायनेल लोग ह्या ऑस्ट्रेलियन वाचोपचारकाने त्यावर केलेले उपचार, एवढेच त्याचे कथानक. राजघराण्याची कथा म्हणून त्याचे पुष्कळ कौतुक झाले. मला तो निराळ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. चारचौघांपुढे उभे राहण्याच्या भयाने ग्रासलेला माणूस मदत मागायला जातो, हा विषय इतक्या गांभीर्याने पडद्यावर क्वचितच येतो. हा चित्रपट जेथे सत्यापासून ढळला आहे, त्या जागाही ह्याच दृष्टीने तपासून पाहण्याजोग्या आहेत.

चित्रपटाचा आरंभ ३१ ऑक्टोबर १९२५ रोजी, वेम्बलीच्या प्रदर्शनाच्या समारोपात होतो. त्या वेळी ड्यूक ऑफ यॉर्क असलेले जॉर्ज ध्वनिक्षेपकापुढे उभे राहतात आणि शब्द फुटत नाही. दिग्दर्शकाने हा प्रसंग श्रोत्यांच्या बाजूने न दाखवता भ्यालेल्या माणसाच्या डोळ्यांनी दाखवला आहे. ध्वनिक्षेपक अक्राळविक्राळ भासतो, समोरचे चेहरे अंगावर येतात, स्वतःचाच अडखळता आवाज मैदानभर घुमून परत येतो. तोतरेपण आणि लोकांचे भय ह्या वस्तुतः दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अस्खलित बोलणारी माणसेही ह्या भयाने पछाडलेली असतात. परंतु दोन्ही एकत्र आली की एकमेकींना पोसतात. जीभ अडखळते म्हणून भय वाढते, आणि भय वाढले की जीभ अधिकच अडखळते. हे चक्र कॉलिन फर्थ ह्यांनी केवळ गळ्याच्या आणि जबड्याच्या हालचालींतून उभे केले आहे.

तोंडात गोट्या धरून बोलायला लावणाऱ्या वैद्याचा अनुभव घेतल्यावर ड्यूक उपचारांचे नावच टाकतात. लोगचा शोध लावते ती त्यांची पत्नी, तीही प्रथम खोट्या नावाने. हा तपशील पटकथाकाराने नेमका टिपला आहे. आपल्या घरांतही असेच घडते. मिस्सेच्या वेळी वाचनाला उभे राहायचे ठरले की ज्याला आदल्या रात्री ताप भरतो, मांडवात जो मागच्या कोपऱ्यातली खुर्ची शोधतो, मुलाखतीच्या दारातून जो माघारी फिरतो, तो स्वतः होऊन कोणाकडे जात नाही. अनोळखी माणसाशी बोलण्याचेच तर त्याला भय असते! आपण त्याला लाजाळू म्हणतो, कधी शिष्टही म्हणतो. मुलीच्या बाबतीत तर ह्या भयाला विनयाचे नाव देऊन आपण त्याचे कौतुक करतो. हे भय शिक्षण, नोकरी, विवाह ह्यांच्या आड येऊ लागले की त्याला उपचारांची गरज आहे, हे घरातील कोणीतरी ओळखावे लागते.

जेफ्री रश ह्यांनी रंगवलेला लोग राजवाड्यात जायला नकार देतो. रुग्णाने आपल्या खोलीत यावे आणि येथे दोघेही समान असावेत, ही त्याची अट असते. पोपडे उडालेल्या भिंतींच्या त्या खोलीत तो ड्यूकच्या कानांवर मोठ्याने संगीत लावतो आणि वाचायला सांगतो. स्वतःचा आवाज कानी पडत नसताना ड्यूक अस्खलित वाचतात. ते ध्वनिमुद्रण पुढे एका रात्री ते एकटे ऐकतात आणि थक्क होतात. आपल्याला आवाज आहे, हे रुग्णाला पटवून देणे हा उपचाराचा आरंभ होय. चित्रपटातील हा सर्वांत सुंदर प्रसंग आहे.

आता दोष पाहू. पहिला काळाचा. चित्रपटात ही भेट १९३४च्या सुमारास घडते. इतिहासात ती ऑक्टोबर १९२६ मध्ये झाली. त्यानंतरच्या सव्वा वर्षात ड्यूकने लोगची ८२ वेळा गाठ घेतली आणि मुख्यतः श्वासोच्छ्वासाचे व्यायाम नेटाने केले. ९ मे १९२७ रोजी कॅनबेरा येथे संसदभवनाचे उद्घाटन करताना त्यांचे भाषण चांगले झाले होते. हा कंटाळवाणा, चिवट सराव पटकथेने आवरता घेतला आणि सारे यश ३ सप्टेंबर १९३९च्या युद्धभाषणावर नेऊन ठेवले. नाट्य साधले, पण एका उत्कट संध्याकाळी गाठ सुटते असा समज रुग्णाच्या मनात रुजला, तर तिसऱ्या भेटीनंतरच तो निराश होऊन उपचार सोडील.

दुसरा दोष कारणमीमांसेचा. कठोर पिता, निर्दय दाई, डावखुरेपण बळाने मोडणे, ह्या बाळपणीच्या जखमांवर चित्रपट तोतरेपणाचा जवळजवळ सारा भार टाकतो. तोतरेपणाचे मूळ बऱ्याच अंशी मेंदूच्या घडणीत आणि आनुवंशिकतेत असते, हे आता ठाऊक झाले आहे. मुलाच्या भयाचा विचार करताना आईबापांनी स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण नाही. थट्टेने आणि घाई करण्याने ते भय वाढते, एवढे त्यांनी ध्यानात ठेवावे.

तिसरी गोष्ट धर्मगुरू म्हणून मला टोचली. डेरेक जेकबी ह्यांनी साकारलेले कँटरबरीचे आर्चबिशप कॉस्मो लँग उपचारकाच्या वाटेत आडवे येतात. त्याच्याकडे पदवी नाही, हे ते उघड करतात. येथे धर्मपुरुष प्रतिष्ठेचा रखवालदार झाला आहे, आणि ही टीका आपण निमूटपणे ऐकून घ्यावी. 'प्रार्थना कर, सर्व ठीक होईल', एवढेच सांगून भ्यालेल्या जिवाला परत पाठवणे हाही त्याच जातीचा अडथळा होय. मोशेने आपल्या जड जिभेची तक्रार केली, तेव्हा परमेश्वराने त्याच्या सोबतीला अहरोन दिला. मदतीला माणूस घेणे ही अश्रद्धा नव्हे. मात्र पदवीला अर्थ नाही, हा चित्रपटातून निघणारा निष्कर्ष आज घातक ठरेल. लोगच्या काळी हा व्यवसाय नुकताच आकार घेत होता, आणि १९३५ साली वाचोपचारकांची संस्था स्थापण्यात त्याचाच पुढाकार होता. आज प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ उपलब्ध असताना गंडेदोरेवाल्याकडे वा हौशी उपदेशकाकडे जाण्याचे कारण उरत नाही. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी-सेवा २०२२ पासून १४४१६ ह्या क्रमांकावर मिळते आणि तेथे मराठीतही बोलता येते.

शेवटच्या भाषणात लहानशी खोली, ध्वनिक्षेपक आणि समोर एकटा लोग. साऱ्या साम्राज्याला विसरून केवळ मित्राशी बोलावे, असे तो सुचवतो. प्रसंग हृद्य आहे, तरी ही उपचारांची अर्धीच वाट आहे. भयावरचे आजचे उपचार अशा एका विश्वासू माणसापासून आरंभ करतात आणि तेथून पायरीपायरीने दोघांत, चौघांत, मग सभेत नेतात. भयावह वाटणाऱ्या कल्पना तपासून पाहायला शिकवतात, आणि गरज पडल्यास डॉक्टर औषधही देतात. उपचारक कायमचा समोर बसून राहावा, असा त्यांचा हेतू नसतो.

युद्धकाळातील प्रत्येक भाषणाच्या वेळी लोग राजाजवळ होता, असे चित्रपटाच्या अंती पडद्यावर येते. ते खरे नाही. १९४४च्या नाताळचे नभोवाणी-भाषण राजाने लोगशिवाय केले, आणि लोगने ते आपल्या घरी बसून ऐकले. पहिल्या भेटीला तेव्हा अठरा वर्षे लोटली होती. पटकथाकार डेव्हिड सायडलर स्वतः बालपणी तोतरेपणाने गांजलेले होते. मला वाटते, चित्रपटाचा शेवट त्यांनी ह्या नाताळपर्यंत न्यायला हवा होता. आपल्या घरातील अबोल मुलाला उपचारकाच्या दारापर्यंत नेताना आईबापांनी तोच डोळ्यांपुढे ठेवावा.